लायसनसाठी कोल्हापूरची वारी

आमच्या राधानगरीकडची माणसे कोल्हापूरला कशाकशासाठी जातात म्हणाल, तर अंबाबाईच्या दर्शनाला, मार्केट यार्डात गूळ घालायला, लग्नाचा बस्ता बांधायला, दवाखान्याला आणि कोर्टाच्या तारखेला. या पाच कामांखेरीज सहावे एक काम असते. त्याची आठवण मात्र वाटेत पोलिसाने हात आडवा केला म्हणजेच होते. ते काम म्हणजे गाडीचे लायसन. त्यासाठी ताराबाई पार्कातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या बोलीत आर.टी.ओ. कचेरीत जावे लागते. आज त्या वारीलाच तुम्हाला घेऊन जायचे आहे. वाटेत ऊस दिसेल, धरणाचे पाणी दिसेल आणि साठी उलटलेल्या माणसाला नीट ध्यानात ठेवावी अशी एक गोष्टही सापडेल.

वारी आमच्या भावकीतल्या तात्यांची. तात्यांचा जन्म १९५८ चा. १९८४ साली त्यांनी पहिले लायसन काढले, तेव्हा १९३९ चा मोटार कायदा चालू होता आणि लायसन म्हणजे फोटो चिकटवलेली, शिक्के मारलेली एक छोटी पुस्तिका असायची. पुढे १९८८ चा नवा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. पुस्तिका गेली, कार्ड आले. तात्यांनी ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल सारे चालवले. कारखान्याला ऊस घातला, बाळंतिणींना दवाखान्यात पोहोचवले, गावच्या वरातीही नेल्या.

२०२५ च्या जानेवारीत, उसाची तोड ऐन भरात असताना, तात्यांचे पाकीट बंडीच्या खिशातून पडले. फडात पडले की ट्रॉलीवर पडून उसाबरोबर कारखान्यात गेले, कोण जाणे. पैसे थोडेच होते, पण लायसन त्यात होते. काकूंनी ट्रंकेतली जुनी झेरॉक्स शोधून काढली, तेव्हा दुसरीच गोष्ट उघडी पडली. लायसनची मुदत जुलै २०२४ मध्येच संपली होती. म्हणजे हरवले ते लायसनही मेलेलेच होते.

तात्या दोन दिवस जेवणावर चिडले. शेवटी म्हणाले, "आता ह्या वयात पुन्हा परीक्षा देऊ व्हय पोरासोरांत उभा राहून?"

वाचकहो, इथे थोडे थांबून नियम समजून घेऊ, कारण पुष्कळांच्या डोक्यात जुना नियम बसलेला आहे. मुदत संपल्यावर पाच वर्षांपर्यंत परीक्षेवाचून लायसन पुढे चालू होत असे, ही गोष्ट खरी, पण ती पूर्वीची. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मुदत संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते एक वर्ष ओलांडले, की गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मुदतीचा हिशेबही त्याच दुरुस्तीत बदलला. तिशीच्या आत लायसन काढले तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढले तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नमध्ये काढले तर साठीपर्यंत. आणि पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षे. हा हिशेब घरच्या मोटारसायकल, मोटार, जीप या गाड्यांचा. तुमच्या हातात जे कार्ड आहे त्यावर छापलेली तारीखच तुमच्यासाठी खरी, ती आजच वाचून ठेवा.

तात्यांच्या बाबतीत जुलै २०२५ पर्यंत वेळ होता. जानेवारीत पाहिले तर सहा महिने हातात होते. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले, असे आम्हा सर्वांना वाटले.

पहिली फेरी जवळची होती. आधी पोलीस ठाण्यात लायसन गहाळ झाल्याची नोंद केली नि तिची प्रत घेतली. मग गावातल्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने झेरॉक्सवरचा नंबर संगणकात घातला आणि तात्यांचा फोटो, जन्मतारीख, गाड्यांचे प्रकार सारे पडद्यावर आले. तात्या बघतच राहिले. "हरवलं म्हणता, आन् हितं तर सगळं हाय!"

मंडळी, हीच गोष्ट पहिल्यांदा मनात ठसवून घ्या. आपल्या खिशातले कार्ड ही नुसती पावती असते, मूळ नोंद सरकारच्या दप्तरात राहते. कार्ड हरवले तर दुय्यम प्रत मिळते. फक्त नंबर हाताशी हवा. 'एमएच', मग जिल्ह्याचे दोन आकडे, मग चार आकडी साल आणि पुढे सात आकडे, असा तो नंबर असतो. कोल्हापूरचे आकडे ०९. हा नंबर घरातल्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तात्यांना दोन कामे करायची होती. एक, हरवलेल्या कार्डाची दुय्यम प्रत आणि दुसरे, मुदतीचे नूतनीकरण. दोन्ही अर्जात सांगावी लागतात. २०२१ पासून आधारच्या साहाय्याने ही कामे कचेरीत न जाताही होऊ शकतात. पण त्यासाठी आधार कार्डाला आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो, आणि तात्यांच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर होता. तेव्हा कोल्हापूरची वारी ठरलेलीच होती. त्याआधी एक कागद मात्र राहिला होता, डॉक्टरांच्या दाखल्याचा.

चाळिशी उलटलेल्या माणसाला नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरी दाखला जोडावा लागतो. त्या फॉर्मला 'एक-अ' म्हणतात. त्यात डॉक्टरांना साधे प्रश्न विचारलेले असतात. अर्जदाराला दिवसाच्या स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर पाटी ओळखता येते का? लाल आणि हिरवा रंग निराळा कळतो का? नेहमीचा भोंगा ऐकू येतो का? रातांधळेपण आहे का? २५ मीटर म्हणजे किती, तर गुंठ्याची एक बाजू ३३ फुटांची धरली तर अशा अडीच बाजू. चष्मा असेल तर तो लावून बघायला हरकत नाही.

आमचे डॉक्टर जुने आणि कडक. त्यांनी तात्यांना दवाखान्याच्या पायरीवर उभे केले नि रस्त्यापलीकडे लांब उभ्या असलेल्या जीपकडे बोट केले. डावा डोळा झाकून तात्यांनी नंबर धडाधड वाचला. मग उजवा झाकला.

"आता वाचा तात्या."

तात्या गप्प. मग हळूच म्हणाले, "पाटी दिसतीय. आकडं पुसल्यासारखं वाटत्यात."

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. उजव्यातही सुरुवात आहे. आज सही होणार नाही."

"डॉक्टर, वीस वर्सं वळखतासा मला. करा की एक सही."

डॉक्टर म्हणाले, "ओळखतो म्हणूनच करत नाही. रात्री समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या येतात, मागे ना दिवा ना लाल पट्टी. तुमचं काही झालं तर मला काकूंना तोंड दाखवायचं आहे."

तात्या रागावून निघाले. बाहेर कोणीतरी सांगितले की पैसे टाकले की न तपासता दाखला देणारे पुष्कळ मिळतात. दोन दिवस तात्यांच्या मनात ते घोळत होते. तेव्हा काकूच बोलल्या. त्या म्हणाल्या, "मागल्या दिवाळीत दादूची शेळी गाडीखाली आली ती तुम्हाला दिसली न्हवती. मी गप बसले. शेळीच्या जागी पोर असतं तर?" तात्यांकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते.

अशी दुसरी फेरी लागली, दवाखान्याची, मार्चच्या सुरुवातीला. आता माझ्याबरोबर एस.टी.त बसा. राधानगरी ते कोल्हापूर हा रस्ता पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा, आणि बहुतेक वाट भोगावतीच्या खोऱ्यातून जाते. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या आरंभी राधानगरीचे धरण बांधायला घेतले. आज त्याचे सात स्वयंचलित दरवाजे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. या खोऱ्यातला हिरवा ऊस त्या पाण्याचा. मार्चमध्ये हंगाम सरत आलेला असतो. कौलव ओलांडून गाडी परित्याच्या भोगावती कारखान्याजवळ आली की मळीचा वास येतो, रस्त्याच्या कडेला पाचट विखुरलेले दिसते. पुढे हळदी, वाशी, मग पुईखडीचा चढ-उतार, आणि एकदम उजेड पडावा तसे रंकाळ्याचे पाणी समोर येते.

वाहकाने तात्यांचे आधार कार्ड बघून अर्धे तिकीट दिले, कारण पासष्ट पूर्ण झालेल्यांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. काकूंनाही अर्धेच, कारण मार्च २०२३ पासून सर्वच बायकांना निम्मे भाडे आहे. "दोघांत मिळून एक माणूस झालो बघ," तात्या म्हणाले. महिनाभरात त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता.

सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. आंधळेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. तात्यांच्या डाव्या डोळ्यातले ढगाळलेले भिंग काढून नवे बसवले. भूल डोळ्यापुरती, वेळ थोडा, आणि टाके नाहीत. पण पथ्य मात्र कडक. काही आठवडे डोळ्यात थेंब घालायचे, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही, वजन उचलायचे नाही, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर गाडीला हात लावायचा नाही. शेतकऱ्याला हे सारे जड जाते. पण काकूंनी ट्रॅक्टरची किल्लीच कमरेला खोचली. डोळा स्थिर झाल्यावर चष्म्याचा नंबर निघाला. तोवर एप्रिल सरला होता. सहा महिने पुष्कळ वाटत होते ना? ते असे जातात.

मे महिन्यात तात्या पुन्हा त्याच पायरीवर उभे राहिले. जीप नव्हती, दुधाचा टेम्पो होता. दोन्ही डोळ्यांनी नंबर वाचला, शिवाय खाली लिहिलेले दूध संघाचे नावही वाचून दाखवले. डॉक्टरांनी हसत सही केली, पण एक सांगितले, "उजवा डोळाही वर्ष-दीड वर्षात करावा लागेल. तोवर रात्रीची गाडी नको." तात्यांनी मान डोलावली.

तिसरी फेरी जूनमध्ये, ताराबाई पार्काची. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच उतरला होता. रस्ता तोच, पण आता दोन्ही बाजूंना लावणीच्या उसाची हिरवी पाती, ओढे लाल पाण्याने भरलेले, भाताच्या खाचरांत माणसे वाकलेली. तात्या खिडकीशी बसले होते. हळदीच्या अलीकडे ते एकेक पाटी मोठ्याने वाचू लागले. खताच्या दुकानाची, पतसंस्थेची, किलोमीटरच्या दगडाची. पुढच्या बाकावरचे पोर मागे वळून बघू लागले. तात्या म्हणाले, "ह्या रस्त्यानं चाळीस वर्सं गाडी हाकली. पर ह्या पाट्या गेल्या चार वर्सांत वाचल्याच न्हवत्या. नव्या लागल्यात असंच वाटतंय." मंडळी, मोतीबिंदू असा चोरपावलाने येतो. आपल्याला कमी दिसते हे ज्याला कमी दिसते त्याला सगळ्यांत शेवटी कळते.

मध्यवर्ती स्थानकावर उतरलात की रेल्वे स्टेशन आणि शाहूपुरी जवळच. ही शाहूपुरीची व्यापारपेठ १८९५ साली शाहू महाराजांनी वसवली. तिथून कावळा नाक्याकडे निघावे. या नाक्याला ताराराणी चौकही म्हणतात, आणि चौकात महाराणी ताराबाईंचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिथून ताराबाई पार्क फार लांब नाही. शहराचा हा भाग जुना, झाडांचा, बंगल्यांचा. गर्दी दिसू लागली, हातात कागदाच्या पिशव्या घेतलेली माणसे दिसू लागली, की कचेरी आली असे समजावे.

अशा कचेरीच्या आवारात तासभर बसले तर सारा जिल्हा बघायला मिळतो. अठरा पुरी झालेली पोरे शिकाऊ लायसनसाठी आलेली असतात, केस सारखे विंचरत. स्कूटरचे लायसन काढायला आलेली अंगणवाडीची बाई असते. ट्रकवाले असतात, रिक्षावाले असतात, आणि आपल्यासारखे पांढऱ्या टोपीचे दोन-चार जण कोपऱ्यातल्या बाकावर असतात. बाहेर झेरॉक्सवाले, चहावाले आणि "काय काम आहे, मामा?" असे विचारणारे एजंट हे कुठल्याही आर.टी.ओ. कचेरीबाहेर भेटायचेच. अर्ज सेवा केंद्रातून भरलेला असेल, पैसे ऑनलाइन भरून पावती घेतलेली असेल आणि वेळ ठरवलेली असेल, तर कोणाच्या हाती पैसे देण्याचे कारण उरत नाही.

तात्यांच्या पिशवीत होते ते असे : अर्जाची छापील प्रत, पैसे भरल्याची पावती, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांच्या नोंदीची प्रत, जुन्या लायसनची झेरॉक्स, आणि आधार कार्ड मूळ प्रतीसह. खिडकीवरच्या बाईंनी कागद एकेक करून पाहिले. तारीख बघून म्हणाल्या, "आजोबा, थोडक्यात वाचलात. अजून महिनाभर उशीर झाला असता तर परीक्षा होती." मग फोटो झाला, सही झाली. कार्ड टपालाने घरी येणार होते. चहा पिऊन आम्ही दुपारी परत फिरलो.

परीक्षेची एवढी भीती कशाला, असे कोणी म्हणेल. परीक्षा म्हणजे अधिकाऱ्यासमोर गाडी चालवून दाखवायची, आठच्या आकड्यासारख्या वाटेवरून न्यायची, मागे घ्यायची, खुणा द्यायच्या. चाळीस वर्षे चालवणाऱ्याला ते अवघड नाही. पण वर्ष चुकले की खर्च वाढतो, हेलपाटे वाढतात, आणि मधल्या काळात गाडी घरीच उभी ठेवावी लागते.

आणि ती उभीच ठेवायची बरे का. बिनलायसनचा, किंवा मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवणारा, कायद्याच्या दृष्टीने सारखाच. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड ही लहान गोष्ट आहे. अपघात झाला तर खरी आपत्ती. अशा प्रकरणात विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे निकाल न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. आपल्यासारख्याकडून वसूल करायचे म्हणजे कशातून? जमिनीतूनच.

ट्रॅक्टरबद्दल अनेकजण विचारतात. ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोंपेक्षा जास्त नाही, तो कायद्यात हलक्या मोटार वाहनातच धरला आहे. आपले शेतीचे ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आत बसतात. हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्याने त्या वजनापर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला निराळ्या शेऱ्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवले. पण लायसन हवेच. कोवळ्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देण्याची चालही आता महागात पडते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

कार्ड पुन्हा फडात पडू नये म्हणून एक सोय करून घ्या. सरकारच्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या मोबाइलमधल्या सोयीत लायसन ठेवता येते, आणि २०१८ पासून ते मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहे. नुसता मोबाइलने काढलेला फोटो मात्र चालत नाही. मुलाला किंवा नातवाला सांगा, दहा मिनिटांत करून देईल. आधारचा मोबाइल नंबरही त्याच बैठकीत तपासा.

तात्यांचे नवे कार्ड पावसाळ्यातच पोस्टमनने आणून दिले. पुढची पाच वर्षे ते चालेल. तात्या आता दिवसा गाडी चालवतात, दिवेलागणीला किल्ली खुंटीला लावतात. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर पुतण्याला हाक मारतात. आधी हे त्यांना कमीपणाचे वाटायचे. आता तेच दुसऱ्या म्हाताऱ्यांना सांगतात, "सरकार लायसन देतंय ते पाच वर्सांचं. डोळ्याचं लायसन आपलं आपण रोज बघायचं."

तर मंडळी, उद्या सकाळी उजेड झाला की अंगणातून अडीच गुंठ्यांच्या बाजूंइतके अंतर मोजा, गाडी तिथे उभी करा, आणि एकेक डोळा झाकून नंबर वाचा. आकडे पुसल्यासारखे दिसले तर लायसनची तारीख बघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. आणि आकडे स्वच्छ दिसले, तर कार्डावरची तारीख बघा. ती वर्षभरात संपत असेल, तर पेरणीच्या घाईआधीच ही वारी उरकून टाका.